सातने गुणायची ओळ

सातारा,
९ सप्टेंबर २०२४

प्रिय वीरकाका,

सलाम. पेटीत दुरुस्तीला आलेले स्टार्टरचे बोर्ड आहेत आणि त्यांच्यावर ही चिठ्ठी. फोनवर तुम्ही मला एक वाक्य पुरं करू देत नाही. कागदाचं तरी शेवटपर्यंत ऐकून घ्याल.

बातमी अशी, की आपल्या मोबाईल स्टार्टरचा सगळा प्रोग्रॅम नव्यानं लिहायचं काम कंपनीमालक जयराजरावांनी मला दिलं आहे. तुमच्या सी भाषेत नाही, रस्ट नावाच्या नव्या भाषेत. चौदा वर्षांपूर्वी अब्बांच्या मोटार वाइंडिंगच्या दुकानाशेजारी बसून तुम्ही जो लिहिलात, ज्याच्यावर आज तीन हजार विहिरींच्या मोटारी मिस कॉलवर चालू-बंद होतात, तोच प्रोग्रॅम. मी शाळेतून आले की तुमच्या मागं उभी राहून तो बघायची. त्यामुळं वर्कशॉपमधल्या दुसऱ्या कुणाकडून तुम्हाला कळण्याआधी मीच सांगते आहे.

रस्टचं सगळ्यात चांगलं काय सांगू? प्रोग्रॅम तपासून यंत्राच्या भाषेत उतरवणारा तिचा कंपायलर भयंकर कडक आहे. प्रोग्रॅममधले दोन भाग एकाच वेळी एकच नोंद बदलू शकतील असं त्याला नुसतं दिसलं, तरी तो पुढं जाऊ देत नाही. सीमध्ये अशी चूक खुशाल बोर्डात जाते, बोर्ड शेतात जातो, आणि मग कधीतरी भर दुपारी मोटार वेड्यासारखी वागते. इथं चूक टेबलावरच सापडते. पहिले आठ दिवस मला रडू येत होतं. आता त्याच्या शिव्यांची सवय झाली.

तुमचा प्रोग्रॅम शेजारी उघडूनच मी लिहिते आहे. अडलं तर विचारीन. रागावू नका.

तुमची,
जीनत

---

इस्लामपूर,
१७ सप्टेंबर २०२४

चि. जीनत,

पेटी पोचली. बोर्ड दुरुस्त करायला दोन दिवस लागले आणि तुझी चिठ्ठी पचवायला सहा.

तू सांगायच्या आधीच मला बातमी कळली होती. तुझा बाप दारात येऊन म्हणाला, "वीरधवल, आमची जीनत तुजं यंत्र नव्यानं लिवाय लागलीया. लय मोठं काम हाय म्हनं." मी म्हणालो, व्हय, लय मोठं हाय. मी एकदा केलंय ते. रसूलभाईंना त्यातलं काही लागलं नाही. ते पेढा ठेवून गेले.

आता तुझ्या भाषेबद्दल. नाव काय, तर रस्ट. शेतकऱ्याला सांगून बघ, की तुझ्या स्टार्टरमध्ये आम्ही गंज घातला आहे. किती जण घेतात ते कळव. कंपायलर कडक आहे म्हणतेस. अगं, ज्याला स्वतःच्या हाताचा भरवसा नाही त्याला असा पहारेकरी लागतो. सी तुला मोकळं सोडते. मेमरीचा कोपरान् कोपरा तुझ्या ताब्यात देते आणि म्हणते, आता तू जाण आणि तुझं काम जाणे. मला असलीच भाषा आवडते. माझ्या प्रोग्रॅममध्ये काय कुठं आहे ते मला झोपेतून उठवून विचार. सगळं डोक्यात आहे.

चौदा वर्षं तो चालला. तीन हजार विहिरी म्हणजे काही थट्टा नव्हे. चालत्या गाडीचं इंजिन उतरवायची हौस जयराजरावांना कुठून आली, कोण जाणे. आणि आलीच होती, तर इस्लामपूरला एक फोन करायला काय हरकत होती? माझा नंबर त्यांच्याकडे आहे.

असो. लिही. नव्या नवरीचं कौतुक व्हायचंच.

वीरकाका

---

सातारा,
३ ऑक्टोबर २०२४

प्रिय वीरकाका,

तुमच्या चिठ्ठीला झणका होता. दोनदा वाचली आणि दोन्ही वेळा हसले. मग शेवटाकडे आल्यावर हसू थांबलं. जयराजरावांनी तुम्हाला फोन करायला हवा होता, हे खरं आहे. मी त्यांना तसं म्हणालेही.

पण "सगळं डोक्यात आहे" हे तुम्ही अभिमानानं लिहिलंत, माझी तक्रार नेमकी तीच आहे. तुमच्या प्रोग्रॅममध्ये खुलाशाची ओळ शोधून सापडत नाही. तुम्ही आजारी पडलात तर तीन हजार विहिरींनी कुणाकडे बघायचं?

आता एक नाजूक गोष्ट. गेल्या मार्चमध्ये बिराप्पाच्या वस्तीवरच्या लालासाहेब सुभेदारांची मोटार बंद केलेली असताना आपोआप सुरू झाली, विहिरीत पाणी नव्हतं आणि ती जळाली. आठवतं? तुम्ही त्यांना म्हणालात, "आवं, तुमीच चुकून मिस कॉल दिला आसंल." काका, ते चुकले नव्हते. त्यांचा बंद करायचा कॉल आणि थ्री-फेज लाइट, दोन्ही एकाच क्षणी आले. दोघांनी एकच नोंद बदलली, आणि "बंद कर" पुसलं गेलं. मी टेबलावर हेच घडवायचा प्रयत्न केला. चारशे वेळांत एकदा होतं. मला ते कंपायलरनं दाखवलं. तुमची मांडणी मी जशीच्या तशी रस्टमध्ये लिहायला गेले तर तो हलायलाच तयार नव्हता. ही चूक मी जयराजरावांना अजून सांगितलेली नाही. तुम्ही सांगितलीत तर जास्त बरं.

आणि एक प्रश्न. एक ओळ मला कळत नाही. लाइट आल्यावर मोटार लगेच सुरू होत नाही. सिमकार्डाच्या नंबरचा शेवटचा आकडा घ्यायचा, त्याला सातने गुणायचं, आणि तितके सेकंद थांबायचं. का? सातच का? ठेवू की काढू?

दसऱ्याला वर्कशॉपमध्ये पूजा आहे. या ना.

तुमची,
जीनत

---

इस्लामपूर,
२० ऑक्टोबर २०२४

चि. जीनत,

दसऱ्याला येऊन गेलो, तुला दिसलो असेन. दुसऱ्या रांगेत होतो. जयराजरावांनी तुला शाल घातली, नारळ दिला आणि माईकवर म्हणाले, "आमच्या कंपनीचा मेंदू." टाळ्या चांगल्या पडल्या. मीही वाजवल्या. मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं आणि म्हणाले, "आपले जुने वीरधवलही आलेत." जुने. जसा काही मी भंगारातला कपॅसिटर.

पुढच्या मंगळवारी औंधला यमाईच्या दर्शनाला गेलो, तर पायऱ्यांवर लालासाहेब. मला वाटलं, मोटारीचं विचारतील. ते म्हणाले, "ती रसूलची पोरगी लय हुशार हाय बगा. माजी चूक नव्हती म्हनून तिनं मला स्वताहून सांगितलं." म्हणजे मी जयराजरावांना सांगायच्या आधी तू सुभेदारांना सांगून मोकळी झालीस. छान.

चारशे वेळांत एकदा होणाऱ्या चुकीला मी चूक म्हणत नाही. पण घे, मानली. तुझा कंपायलर जिंकला.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर. ती ओळ काही नाही. जुन्या रिले स्विचच्या काळातली आहे, तेव्हा तसं लागायचं. आता कशाला हवी? काढून टाक.

वीरकाका

---

सातारा,
६ जानेवारी २०२५

प्रिय वीरकाका,

तुम्ही चिठ्ठी लिहायचं सोडलंत. दुरुस्त बोर्ड येतात, पेटीत कागद नसतो. दसऱ्याच्या "जुने"बद्दल मलाही वाईट वाटलं होतं. आणि लालासाहेबांना मी सांगितलं, कारण ते सात महिने स्वतःलाच दोष देत होते. तुमचं नाव घेतलं नव्हतं.

आता चांगली बातमी. येत्या शुक्रवारी नवा प्रोग्रॅम शेतात जातो. बिराप्पाच्या वस्तीवरचा अख्खा डीपी आपल्याला मिळाला आहे. त्या एका ट्रान्सफॉर्मरवरचे बाराच्या बारा पंप. लालासाहेबांनीच सगळ्यांना गोळा केलं. म्हणाले, बसवायचं तर समद्यांचं बसवा, येकाचं नगं. टेबलावर एकेक स्टार्टर मी तीन महिने छळला आहे. एकदाही बिघडला नाही.

तुमची ती ओळ काढली. लाइट आली की आता मोटार त्याच सेकंदाला उचलते. बघायला मजा येते.

शुक्रवारी या. तुमच्याशिवाय मला तिथं उभं राहायचं नाही.

जीनत

---

सातारा,
१७ जानेवारी २०२५

वीरकाका,

तुम्ही आला नाहीत. बरंच झालं.

चौथ्या दिवशी डीपी जळाला. लाइट आली, बाराच्या बारा मोटारी उठल्या, आणि ट्रान्सफॉर्मरमधून आधी धूर आणि मग उकळतं तेल बाहेर पडलं. फ्यूज उडायला हवा होता, पण सारखा उडतो म्हणून वस्तीवर कुणीतरी पूर्वीच त्या जागी जाड तार घातली होती. माणूस जवळ नव्हता, तेवढं नशीब. वायरमन म्हणाला, नवा ट्रान्सफॉर्मर यायला पंधरा दिवस तरी. आत्ताच ऊस लावलाय काका, कोंब नुकते वर येतायत. वस्तीवर प्यायला टँकर येतो, तोही दिवसाआड.

मी गेले होते. बिराप्पाच्या आई, तानुबाई, घागर घेऊन टँकरपाशी उभ्या होत्या. मला बघून त्यांनी घागर पुढं सरकवली. लालासाहेब बोलले. "पोरी, तुजी नवी भाषा आमच्या डीपीला कळंना झाली बग." आवाज चढवला असता तर सोसलं असतं. ते हळू बोलले.

सगळे बोर्ड काढून आणले. जुने, तुमचे, परत बसवले. जयराजरावांनी नवा प्रोग्रॅम बंद केला. मी आता पॅकिंगला आहे.

का झालं ते मला अजून कळलेलं नाही. प्रोग्रॅममध्ये चूक सापडत नाही. तुम्हाला काही सुचतं का?

जीनत

---

इस्लामपूर,
२२ जानेवारी २०२५

चि. जीनत,

वाचून वाईट वाटलं. पण मन मोठं कर. शिकताना असं व्हायचंच.

तरी मी पहिल्याच चिठ्ठीत लिहिलं होतं, चालत्या गाडीचं इंजिन उतरवू नये. कंपायलर टेबलावर बसतो, त्याला शेत काय माहीत? शेत कळायला चपला झिजवाव्या लागतात. काल जयराजरावांचा फोन आला होता. चौदा वर्षांत पहिल्यांदा ते मला "वीरधवलराव" म्हणाले. जुना प्रोग्रॅमच पुढं चालवू म्हणाले, आणि त्यातली ती लालासाहेबांची चूक तेवढी काढून द्या. काढून देईन. अवघड नाही.

नेमकं काय झालं ते इथं बसून कसं सांगणार? नवी भाषा आहे, कुठं काय दडलं असेल कोण जाणे. तू फार विचार करू नकोस. पॅकिंगचंही काम कुणीतरी करावंच लागतं.

रसूलभाई दोन दिवस दारात आले नाहीत. तब्येत बरी आहे ना त्यांची?

वीरकाका

---

सातारा,
१० फेब्रुवारी २०२५

वीरकाका,

कळलं.

पॅकिंगमधून सुट्टी काढून मी तीन दिवस बिराप्पाच्या वस्तीवर राहिले. नवा ट्रान्सफॉर्मर आला होता, जुने स्टार्टर लागले होते. लाइट आली तेव्हा मी डीपीखाली घड्याळ धरून बसले. एक मोटार उठली. सात सेकंदांनी दुसरी. मग तिसरी आणि चौथी जोडीनं. मिनिटभरात बाराही उठल्या, पण एकदम नाही, रांगेनं. तिथंच डोक्यात प्रकाश पडला. नंबरांचे शेवटचे आकडे बहुतेक वेगळे, म्हणून वेळाही वेगळ्या. मोटार उठताना चालताना लागते त्याच्या कितीतरी पट वीज ओढते, हे वाइंडिंगवाल्याच्या पोरीला कुणी सांगायला नको. बारा जणींनी एकाच सेकंदाला ओढली तर डीपी कसा टिकेल? टेबलावर माझ्यापुढं कायम एकच स्टार्टर असायचा. मला ते दिसणारच नव्हतं.

किती सुंदर ओळ आहे ती, काका. वेगळं यंत्र नाही, वायर नाही, आपापसात निरोप नाही. नुसत्या फोन नंबरवर बारा मोटारी शिस्तीत उभ्या राहतात. अशी ओळ मला कधी सुचेल असं वाटत नाही.

तुम्ही "काढून टाक" लिहिलंत ते मी कुणाला सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. दहा-बारा वर्षांपूर्वी घातलेली एक ओळ, कुणाच्या लक्षात राहणार? जयराजरावांना मी सांगितलं, ओळ मी माझ्या मनानं काढली. त्यांनी विचारलं, वीरधवलरावांना का नाही विचारलंस? मी पेट्या बांधायला परत गेले. महिनाअखेरीला मी नोकरी सोडते आहे. त्यांनी सोडायला लावली असं नाही, पण मन लागत नाही.

तुम्ही स्वतःला लावून घेऊ नका.

जीनत

---

इस्लामपूर,
१३ फेब्रुवारी २०२५

जीनत,

मी विसरलो नव्हतो.

हे वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले, म्हणून ते सगळ्यात आधी लिहिलं. आता पुढचं लिहिता येईल.

ती ओळ मी बिराप्पाच्याच वस्तीवर लिहिली. २०१३ साल. नुकते नऊ स्टार्टर बसले होते आणि रोज फ्यूज उडायचा. वायरमन मला शिव्या द्यायचा. तानुबाईंच्या ओसरीवर मी पाच दिवस बसून होतो, त्यांच्या हातची भाकरी खात. काही सुचेना. मग फोनमध्ये सगळ्यांचे नंबर साठवून घेत असताना शेवटचे आकडे डोळ्यांपुढं आले. सात का, तर मोटारीला पूर्ण वेग घ्यायला पाच-सहा सेकंद लागतात, म्हणून सात. त्या दिवशी फ्यूज उडाला नाही. माझ्या सगळ्या आयुष्यात मला सुचलेली ती सगळ्यात चांगली गोष्ट आहे. आणि मी ती कुणालाही सांगितली नाही. खुलाशाची ओळ मुद्दामच लिहिली नाही. ज्याला कळेल त्यानं माझ्याकडं यावं, असं वाटायचं.

तू आलीस. बाराशे ओळींतून नेमकी तीच बोटानं दाखवलीस आणि विचारलंस, का? मला आनंद व्हायला हवा होता. मी जळलो. तुझी शाल, तुझ्या टाळ्या, तुझ्या बापाचा पेढा, यमाईच्या पायऱ्यांवर लालासाहेबांचं तोंड, सगळं साठलेलं होतं. माझी चूक तू माझ्यावर उपकार केल्यासारखी झाकून ठेवलीस, याचा तर सगळ्यात जास्त राग आला. वाटलं, हिला सगळं येतं ना, मग हेही हिलाच कळू दे. फ्यूज उडेल, चारचौघांत थोडी फजिती होईल, मग हिला इस्लामपूरला यावं लागेल. डीपी जळेल असं मनात नव्हतं. पण फ्यूजच्या जागी जाड तार असते हे मला माहीत होतं, प्रत्येक वस्तीवर असते. मी तिकडं बघितलं नाही.

रस्ट वाईट नाही. लालासाहेबांची चूक दुरुस्त करायला मी पंधरा दिवस बसलो आहे, एक बाजू लावली की दुसरी उघडते. तुझा कंपायलर बरोबर होता. तुझं काम चांगलं होतं. हे मी पाच महिने कुणालाही म्हणालो नाही, तुलाही नाही.

या चिठ्ठीची एक प्रत जयराजरावांना पाठवली आहे, एक लालासाहेबांना. नोकरी सोडू नकोस. सोडायचं कुणी, तर मी.

वीरधवल

---

सातारा,
१ मार्च २०२५

श्री. वीरधवल यांस,

तुमची चिठ्ठी मिळाली. जयराजरावांनी मला परत त्या कामावर घेतलं आहे. पुढच्या आठवड्यात वस्तीवर दुसरी चाचणी. लालासाहेब म्हणाले, "बसव पोरी, या खेपंला आमी फ्यूजबी नीट घालतो." तानुबाईंनी मला जेवायला थांबवलं.

तुमची ओळ नव्या प्रोग्रॅममध्ये घातली आहे. तिच्या वर चार ओळींचा खुलासा लिहिला. ती का लागते, सातच का, कुठल्या वस्तीवर सुचली, कुणाला सुचली. तुमचं नाव पूर्ण लिहिलं आहे. पुढं जो कुणी हे उघडेल त्याला विचारायला कुठं जावं लागणार नाही.

खरं सांगायचं तर तुम्ही विसरलात, एवढ्यावर मला राहता आलं असतं. मी ते स्वतःला पटवून घेतलं होतं आणि त्यात बरी होते. डीपी जळाल्यावर मी आधी तुम्हालाच विचारलं होतं, तुम्हाला काही सुचतं का. तुम्ही पॅकिंगबद्दल लिहिलंत. जळणं मला समजतं. मलाही तुमचा हेवा वाटायचा, लहानपणापासून, म्हणून तर हे शिकले. पण ती बावीस जानेवारीची चिठ्ठी मला समजत नाही. ती मी ठेवून दिली आहे, फाडवली नाही.

यापुढं बोर्ड वर्कशॉपच्या पत्त्यावर पाठवा. पेटीत नुसतं दुरुस्तीचं लिहा.

अब्बा रोज फोनवर विचारतात, वीरधवलशी बोललीस का, तो हल्ली दारात का बसत नाही. मी दोनदा खोटं सांगितलं, कामात आहेत म्हणून. तुमच्यासाठी मी खूप झाकलं, आता हे तिसऱ्यांदा होणार नाही. त्यांना अजून काहीच माहीत नाही. तुम्ही जयराजरावांना लिहिलंत, लालासाहेबांना लिहिलंत, ते लांब राहतात. अब्बांचं दुकान तुमच्या भिंतीला लागून आहे. त्यांना चिठ्ठी वाचता येत नाही. तुम्हालाच जाऊन सांगावं लागेल.

जीनत रसूल